हिरवा दिवा आणि थांबलेली रांग

तुर्भे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात बिलिंगचं मशीन लिनक्सवर चालतं. माउस नाही, आयकॉन नाही, नुसती काळी स्क्रीन, सगळं कमांड टाइप करून. मार्चअखेरची डिलिव्हरी चलानं महिन्यावार फोल्डरमध्ये लावायची आणि ऑडिटरसाठी प्रिंट काढायची, एवढंच काम. फोल्डर लावून झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रखडलं ते प्रिंटपाशी. 'एलपीआर' ही छपाईची कमांड मारली, तिने हूं की चूं केलं नाही. म्हणजे काम झालं असं समजू नका. फाइल फक्त रांगेत लागते. 'एलपीक्यू'ने रांग बघितली तर वर 'नॉट रेडी', खाली अकाउंट्सवाल्यांच्या फाइली, त्यांच्या मागे माझी. प्रिंटरवर हिरवा दिवा, ट्रेमध्ये कागद. आयटीला फोन लावला.

"मॅडम, बंद करून चालू करा."

केला. तसंच.

"मग तिकीट टाका."

टाकलं. तक्रारीच्या तिकिटाला नंबर मिळाला, माणूस मिळेना.

शेवटी प्रिंटरची स्थिती सांगणारं 'एलपीस्टॅट -पी' टाकल्यावर एका ओळीत दुखणं कळलं: प्रिंटर 'डिसेबल्ड', तोही आदल्या दिवसापासून. छपाई सांभाळणारं 'कप्स' एखादा जॉब, म्हणजे छपाईचं एक काम, फसला की अख्खी रांगच थांबवू शकतं, आणि मग प्रिंटर ठणठणीत असला तरी ती आपणहून सुरू होत नाही. कहर म्हणजे थांबलेली रांगही नवीन फाइली मुकाट घेत राहते! इलाज काय, तर रांग पुन्हा सुरू करणारी 'कप्सएनेबल' कमांड आणि पुढे प्रिंटरचं नाव. पण त्याला ॲडमिनचे अधिकार लागतात, म्हणजे परत तेच आयटी. संध्याकाळच्या शिफ्टच्या मुलाला मी ती 'कप्सएनेबल'ची ओळच वाचून दाखवली, तेव्हा कुठे चहा गार व्हायच्या आत काम झालं. तुमच्या ॲडमिनला 'एरर पॉलिसी' या सेटिंगमध्ये 'रिट्राय-जॉब' (फसलेला जॉब पुन्हा करून बघ) ठेवायला सांगा, रांग अशी अडून बसत नाही.

हो, रांग उघडण्याआधी आपले जॉब काढून टाका. वैतागून तीच फाइल पुन्हापुन्हा पाठवलेली असते, ती सगळी बाहेर पडते. जॉब काढणाऱ्या 'एलपीआरएम'पुढे नुसता डॅश दिला की आपले सगळे जॉब रद्द. अकाउंट्सवाल्यांनाही सांगितलं होतं, ऐकलं नाही. त्यांचं लेजर निघतच राहिलं, कागद संपेपर्यंत. मला फारसं वाईट वाटलं नाही.

फाइली हलवताना 'एमव्ही' या कमांडला '-आय' लावा, नाहीतर तिकडे त्याच नावाची फाइल असली तर न विचारता तिच्यावर चढते. आणि नावात तारीख 2024-03-31 अशी टाका, फाइलींची यादी देणारं 'एलएस' बरोबर क्रमाने दाखवतं.