लँकेस्टरच्या शेपटीतला माणूस

"मामा, हा मागे एकटाच बसायचा?" दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बर विमानाचं डायकास्ट (ओतीव धातूचं) मॉडेल हातात धरून भाचीने विचारलं.

हो, एकटाच, शेपटीतला गनर. १:७२ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये त्याचा टरेट (बंदुकांचा फिरता घुमट) जेमतेम नखाएवढा, त्यातून बंदुकांच्या चार बारीक नळ्या बाहेर आलेल्या. बाकीचे सहाजण पुढे. हा रात्रभर गारठ्यात, पॅराशूट बऱ्याचदा टरेटच्या बाहेर ठेवलेलं.

ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये विमानातून उडणाऱ्या सुमारे १,२५,००० जणांपैकी ५५,५७३ मारले गेले. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग, ड्रेस्डेनमध्ये बॉम्बखाली होरपळलेली माणसं वेगळीच.

आम्ही संग्राहक मात्र रंगाच्या छटेवर तासन् तास वाद घालतो. नाकावरच्या पिवळ्या बॉम्बच्या रांगा, ज्यातला एकेक म्हणजे एकेक मोहीम, त्याही फक्त डिटेलिंग म्हणून बघतो. हे मला मनापासून खटकतं.

माझ्या मॉडेलच्या कार्डावर विमानाचा नंबर आहे. त्या सातजणांची नावं का नसावीत?