तुम्ही विचारलेत म्हणून: राखणदाराचीच राखण कशासाठी?

राखणीच्याच जातीचा कुत्रा असताना त्याला मेंढ्यांमध्ये राहायला शिकवावे का लागते, आणि चांगला थोराड झाला तरी मेंढ्या व्यायच्या दिवसांत तुम्ही त्याला वाड्याबाहेर का ठेवता, हे मला इतक्या जणांनी विचारले आहे की एकदा लिहून टाकलेले बरे. या प्रश्नाच्या पोटात बहुधा दुसरा प्रश्न असतो: तो कोकराला चावला का? नाही. तो आजवर कळपातल्या कोणालाही चावलेला नाही. एवढे ऐकून तुमचे समाधान होते, हीच माझी अडचण आहे.

अनातोलियन असो, मरेमा असो की पिरेनीजचा पांढरा कुत्रा, या जातींत पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून जे आले आहे ते मुख्यतः एक उणेपण आहे. सावजावर नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग, पकड, चावा ही शिकारीची साखळी त्यांच्यात मंद किंवा तुटक असते. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजात या कुत्र्यांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांनी चांगल्या राखणदाराचे तीन गुण वेगवेगळे मोजले: कळपाला इजा न करणे, कळपाकडे लक्ष असणे आणि संकटात आडवे येणे. एक गुण असला म्हणजे उरलेले दोन असतातच असे नाही. लळा तर नुसत्या जातीने लागतच नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पुढचे दोन-तीन महिने पिल्लू ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांना ते आपले मानते.

त्यानंतर येते ते अडनिडे वय, ज्याविषयी कोणीच विचारत नाही. आठ-दहा महिन्यांचा राखणदार कोकरांचे कान चघळतो, लोकर ओढतो, आणि कोकरू पळाले की त्याच्यामागे धावतो. हा खेळच असतो, पण कोकरू खेळातही मरते. अशा वेळी लांब दोरी, अंगावर येणाऱ्या वयस्क मेंढ्यांची संगत आणि आपली नजर, एवढेच उपयोगी पडते. मारून वठणीवर आणा, मेलेली कोंबडी गळ्यात बांधा, असे सल्ले मला भरपूर मिळाले. मार खाल्लेला कुत्रा एक तर तुम्हाला टाळायला शिकतो किंवा मेंढ्यांना, आणि मेंढ्यांना टाळणारा कुत्रा काय राखणार?

हे वय आमच्या कुत्र्याने बऱ्यापैकी निभावले होते. म्हणूनच ती रात्र मला अजून नीट मांडता येत नाही. एका मेंढीला पहिले कोकरू झाले आणि दुसऱ्याच्या कळा येऊ लागल्या, तशी ती वळून जरा दूर जाऊन बसली. मी पोहोचले तेव्हा कुत्रा त्या पहिल्या कोकराशेजारी पोटावर पडून, कान मागे टाकून, त्याला चाटत होता. अंगावरचा पडदा त्याने खाल्ला होता, आणि नाकापासून शेपटीपर्यंत कोकरू कोरडे, स्वच्छ झाले होते. त्याच्यापेक्षा सौम्य वागणे मी कुठल्या कुत्र्यात पाहिलेले नाही. मेंढीने दुसरे कोकरू चाटले, कासेला घेतले. पहिले धडपडत जवळ आले तेव्हा तिने ते हुंगले आणि ढुशी मारून उडवले. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत मेंढी आपले कोकरू वासाने ओळखू लागते, आणि त्या ओलाव्याचा वासच तिला त्याच्याकडे ओढतो. तो या कोकराच्या अंगावर उरला नव्हता. आम्ही दुसऱ्याच्या अंगावरचा ओलावा त्याला चोळला, मेंढीला धरून ठेवले, चीक काढून बाटलीने पाजला. हात सुटला की ती पुन्हा ढुशी मारायची. त्यातलीच एक ढुशी वर्मी लागली आणि उजाडायच्या आत कोकरू गेले.

यात कुत्र्याचा गुन्हा कोणता, ते मला सांगा. त्याला शिक्षा कशाची करायची? चाटण्याची?

याआधी मीच लोकांना ठासून सांगत असे की पिल्लू कळपात वाढवा, बाकीचे ते आपोआप शिकते. त्या जुन्या मला आज मी हे कोकरू दाखवते, तर तिच्याकडेही उत्तर तयार असते. ती म्हणते, जिथे जाणते कुत्रे कळपाबरोबर मोकळे असतात, तिथे पिल्लू लहानपणापासून वेण पाहते, व्यायलेल्या मेंढीच्या ढुशा खाते आणि किती अंतर राखायचे ते त्यातून शिकते. तू त्याला वाड्याबाहेर ठेवून नेमका तोच धडा बुडवतेस. यावर माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणते की आमच्याकडे त्याला धडा घालून देणारा जाणता कुत्रा नाही, आणि धड्याची किंमत दर वेळी कोकराने का मोजावी?

काही जण मला ऑस्ट्रेलियातल्या मिडल आयलंडचे उदाहरण ऐकवतात. तिथे २००६मध्ये कोल्ह्यांपासून पेंग्विनांची राखण करायला मरेमा कुत्रे ठेवले हे खरे. पण त्या कुत्र्यांनाही कोणी नुसते बेटावर नेऊन सोडले नाही, माणसांनी सोबत राहून त्यांना पक्ष्यांची सवय लावली.

तेव्हा यंदाही व्यायला आलेल्या मेंढ्या आतल्या वाड्यात राहतील आणि तो जाळीच्या बाहेर, जिथून त्याला सगळे दिसेल, वास येईल, पण तोंड पोहोचणार नाही. रक्ताच्या आणि वारेच्या वासाने येणारी जनावरे बाहेरूनच येतात, त्यामुळे राखण काही थांबत नाही. कोकरे आईमागे धावू लागली की तो आत येईल, आधी दोरीवर. पुढच्या वेळी त्याला आत राहू द्यायचे का, यावर माझे आणि त्या जुन्या माझे अजून एकमत नाही.