गंगेचा गडू आणि दुपारची बंद दारे

आमच्या देवघरात २००९ पासून तांब्याचा एक गडू होता. वडिलांनी काशीहून आणलेला, तोंडाला डाक लावून बंद केलेला आणि कानाशी धरून हलवला की आतले पाणी डुचमळल्याचे ऐकू येणारा. काशीची यात्रा रामेश्वराला गंगा घातल्याशिवाय पुरी होत नाही, अशी आमच्याकडची जुनी समजूत आहे. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी रामेश्वर’ हे वाक्य घरात दर दिवाळीला उच्चारले जाई आणि फराळाबरोबर संपून जाई. वडील २०१६ मध्ये गेले आणि ते वाक्य आईकडे आले. अखेर गेल्या हिवाळ्यात आई, अण्णा, वहिनी, माझी पत्नी आणि मी असे पाच जण सोलापूरच्या स्थानकावर मद्रासकडे जाणाऱ्या गाडीत बसलो (चेन्नई म्हणायची सवय आमच्या घराला अजून लागलेली नाही), तेव्हा तो गडू सोलापुरी टॉवेलमध्ये गुंडाळून आईने मांडीवर घेतला होता. दुसऱ्या पिशवीत ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणीचा डबा होता. पंधरा दिवस भातावर काढावे लागणार, याची आईला खात्री होती.

सोलापूरच्या माणसाला दक्षिण परकी नाही, असे मी आजवर ऐटीत सांगत आलो आहे. आमच्या गावाच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेली पद्मशाली कुटुंबे घरात तेलुगू बोलतात, पत्नीचे माहेर अक्कलकोटचे असल्यामुळे तिला कानडी येते, आणि गावातला भाजीवाला तीन भाषांत भाव सांगतो. शिवाय लोहमार्गही आमच्या बाजूने साक्ष देतो: मुंबईकडून येणारा आणि मद्रासकडून येणारा, असे दोन्ही मार्ग १८७१ मध्ये रायचूरला येऊन जुळले, तेव्हापासून आम्ही त्या वाटेवरच आहोत. वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा ही नावे आमच्याकडे तिरुपतीला जाणाऱ्या लहान मुलांनाही पाठ असतात. रेणिगुंट्यापर्यंत माझी ऐट टिकली. अण्णांनी फलाटावर तेलुगूत चहा मागितला, चहावाल्याने तेलुगूत सुट्टे पैसे मागितले आणि दोघेही एकमेकांवर प्रसन्न झाले.

ती ऐट उतरली तंजावरला, दुपारी साडेबारा वाजता. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने आलो होतो. आईला थोडी विश्रांती मिळावी म्हणून लॉजवर रेंगाळलो, सावकाश जेवलो आणि बृहदीश्वराच्या गाभाऱ्याशी पोचलो तेव्हा दारे लागत होती. पुन्हा उघडणार चार वाजता. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या देवळात मी भर दुपारी कितीदा तरी जाऊन बसलो आहे. देव दुपारभर भेटत नाही, ही कल्पनाच आम्हाला नवी होती. तमिळ प्रदेशातल्या बहुतेक मोठ्या देवळांत मध्यान्हीच्या पूजेनंतर देवाची विश्रांती सुरू होते आणि ती चांगली तीन-साडेतीन तासांची असते. नियोजन माझे होते, त्यामुळे घरच्यांनी माझ्याकडे जसे पाहायचे तसे पाहिले. आई मात्र म्हणाली, “म्हातारा आहे देव. जेवून पडला असंल. बसू की.”

आम्ही बसलो, आणि या प्रवासातले जे मला आज आठवते त्यातले पुष्कळसे अशा बसण्यातूनच आलेले आहे. राजराज चोळाने हे देऊळ इसवी सन १०१० च्या सुमारास पुरे केले. साठ मीटरांहून उंच असलेले त्याचे विमान, म्हणजे शिखर, गाभाऱ्यावरच उभे आहे. प्रवेशदारावरचे गोपुर उंच आणि गाभारा ठेंगणा असे दक्षिणेत पुढे सर्वत्र दिसणारे प्रमाण इथे उलटे आहे. पण मान वर करून पाहायलाही मर्यादा असते आणि दुपारच्या फरशीवर अनवाणी पायांना तर फारच असते. सावली शोधत आम्ही प्राकाराच्या ओवऱ्यांत शिरलो आणि भिंतीशी सरकत चाललेली वहिनी एकदम थांबली. “अहो, हे तर आपलं आहे,” ती म्हणाली.

भिंतीवर मराठी होते. देवनागरी अक्षरांच्या ओळींमागून ओळी दगडात खोदलेल्या. हा भोसले घराण्याचा इतिहास. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, १८०३ मध्ये कोरलेला. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला गादी स्थापन केली, हे मला शाळेपासून माहीत होते. पण माहीत असणे निराळे आणि घरापासून शेकडो कोस दूर, चोळांच्या देवळात, बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचणे निराळे. भाषा जुनी, शब्द एकमेकांना चिकटवून खोदलेले. मधूनच एखादे ‘राजे’ किंवा ‘पुत्र’ ओळखीचे निघे आणि आम्ही पाचही जण शब्दकोडे सुटल्यासारखे खूश होत असू. तासाभरात आम्ही जेमतेम हातभर मजकूर लावला असेल. तेवढ्या वेळात अनेक सहली मागून गेल्या, कोणी थांबले नाही, आणि खरे सांगायचे तर देऊळ उघडे असते तर आम्हीही थांबलो नसतो.

चार वाजता दर्शन झाले. दुसऱ्या दिवशीची दुपार आम्ही आपण होऊन राजवाड्यासाठी राखून ठेवली. सरस्वती महाल ग्रंथालय तिथेच आहे; तमिळ, तेलुगू आणि संस्कृत पोथ्यांबरोबर मराठी हस्तलिखिते आणि मोडी दफ्तरेही तिथे जपली आहेत. सरफोजीराजांनी आपल्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या होत्या. पुण्या-मुंबईकडे मराठी पुस्तके छापण्याची घडी बसण्याच्या आधीची ही गोष्ट; तमिळ मुलखात, कावेरीच्या काठी, मराठी मुलांसाठी कोल्हा आणि द्राक्षे छापणारा राजा मला फार आवडला.

मदुराईला मीनाक्षीचे दर्शन आम्ही शहाणपणाने पहाटे उरकले. ‘उरकले’ हा शब्द त्या देवळाला शोभत नाही, हे कबूल करतो. चौदा गोपुरे, त्यांतले दक्षिणेचे पन्नास मीटरांहून उंच, आणि प्रत्येकावर अंगुळभर जागा न सोडता रंगवलेल्या मूर्तींची दाटी. पण मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळे माणसे निदान देवळाकडे पाहतात तरी. माझा जीव अडकला तो दुपारी, बाजारातल्या एका सुंगुडी साड्यांच्या दुकानात. सुंगुडी म्हणजे सुती कापडाला दोऱ्याने बारीक बारीक गाठी मारायच्या, मग ते रंगात बुडवायचे. गाठ सुटली की तिथे पांढरा ठिपका उरतो. मी एका यंत्रमाग कारखान्यात तीस वर्षे हिशेब लिहिले आहेत, तेव्हा कापड दिसले की बोटे आपोआप पोताकडे जातात. दुकानातल्या वृद्ध गृहस्थांनी ते ओळखले आणि अर्धवट गाठी मारलेला एक तुकडा माझ्यासमोर ठेवला. मोहरीएवढ्या त्या गाठी. एका साडीत त्या हजारोंनी असतात, आणि प्रत्येक कोणाच्या तरी नखाने धरून, दोऱ्याचे वेढे देऊन आवळलेली असते.

ते गृहस्थ सौराष्ट्री विणकर समाजाचे होते. शतकांपूर्वी पश्चिमेकडून निघून टप्प्याटप्प्याने मदुराईत आलेले हे लोक बाहेर तमिळ बोलतात आणि घरात स्वतःची बोली. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहून काही सांगितले, त्यात मला ‘पाणी’ हा शब्द स्वच्छ ऐकू आला आणि खरोखरच पाण्याचे तांबे बाहेर आले. आमच्या गावातले पद्मशाली तेलंगणातून मागाबरोबर भाषा घेऊन सोलापुरात आले, तसेच हे. विणकर कुठेही गेला तरी घरातली बोली बरोबर नेतो, असे मी पत्नीला म्हणालो. ती साडीचा भाव करण्यात गुंतली होती आणि ते अधिक महत्त्वाचे होते.

कन्याकुमारीबद्दल मी थोडकेच लिहितो. देवीच्या देवळात पुरुषांना सदरा काढून जावे लागते, त्यामुळे अण्णांच्या पोटाचे सार्वजनिक दर्शन झाले. विवेकानंद शिलास्मारक १९७० मध्ये उभे राहिले ते एकनाथजी रानडे या मराठी माणसाच्या चिकाटीमुळे, हे आईला सांगताच तिने बोटीच्या लांबलचक रांगेबद्दलची तक्रार मागे घेतली. शेजारच्या खडकावरचा तिरुवळ्ळुवरांचा १३३ फुटी पुतळा आणि दोन खडकांना जोडणारा काचेचा नवा पूल आम्ही पाहिला. पुलावर समुद्राकडे बघणारे थोडे आणि पायाखाली बघून किंचाळणारे फार. मला तिथे परत जायची ओढ नाही.

रामेश्वरची ओढ मात्र गाडी मंडपमला आली तेव्हाच लागली. पांबनचा जुना लोखंडी पूल १९१४ चा. आता त्याच्या शेजारून एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलावरून गाड्या जातात. दोन किलोमीटरांहून थोडा लांब असा हा पूल; जहाज आले की त्याचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. गाडी त्यावर आली. दोन्ही बाजूंना पाणी, खिडकीतून खारा वारा, आणि आईने दोन्ही हातांनी गडू घट्ट धरलेला, जणू खालच्या पाण्याला वरच्या पाण्याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता.

रामेश्वरला आधी अग्नितीर्थावर, म्हणजे समुद्रात, स्नान करायचे आणि मग देवळातल्या बावीस तीर्थांचे पाणी अंगावर घ्यायचे. ही तीर्थे म्हणजे आवारात विखुरलेल्या विहिरी आणि कुंडे. विहिरीच्या काठावर उभा असलेला माणूस दोराला बांधलेली बादली खाली सोडतो आणि भरून वर येताच एका झटक्यात तुमच्या डोक्यावर रिती करतो. आईच्या वेळी मात्र प्रत्येकाने अर्धीच बादली, हळूच, खांद्यावर ओतली. एका विहिरीचे पाणी कोमट, पुढचीचे गार. समुद्र इतका जवळ असून ते गोडे लागते, याचे आईला शेवटपर्यंत नवल वाटत राहिले. ओल्या वस्त्रांनी गाभाऱ्यात जाता येत नाही. कपडे बदलून, केस पुसून, गडू घेऊन आम्ही निघालो आणि अर्थातच दुपारचा एक वाजला होता. दारे लागली होती. इथे ती तीनला उघडतात.

या वेळी कोणी माझ्याकडे पाहिले नाही, कारण वेगळीच अडचण पुढे आली होती. अभिषेकाची चौकशी केलेल्या खिडकीवरच्या माणसाने गडू हलवून पाहिला आणि तो उघडून आणा, असे हिंदीत सांगितले होते. सतरा वर्षांची डाक उघडायची कशी? मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने आपली डाक लावायची तापलेली सळई टेकवून पाहिली, पण तांब्याने सगळी उष्णता पिऊन टाकली आणि डाक जागची हलली नाही. शेवटी शंख-शिंपल्यांच्या एका दुकानात आत बसून शंख घासणाऱ्या कारागिराने कानस घेतली. गडू त्याने गुडघ्यांत धरला आणि डाकेच्या कडेने कानस फिरवू लागला. पांढरट चुरा आईच्या टॉवेलवर पडत होता आणि तो वाया जाऊ नये म्हणून की काय, आई टॉवेल सारखा करत होती. समोर रस्त्यावर काही शेळ्या फिरत होत्या. “आई, नाथमहाराजांनी गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली होती. इथं शेळी आहे,” अण्णा म्हणाले. आईने शेळीकडे बघून घेतले आणि म्हणाली, “नाथ मोठे होते. आपण साधी माणसं. ही देवालाच जाणार.”

झाकण निघाले. पाणी दोन बोटे कमी झाले होते, पण नितळ होते. आईने वास घेतला आणि कोणालाच काही सांगितले नाही. कारागिराने पैसे घेतले नाहीत. मात्र त्याच्या मालकाने आम्हाला एक शंख विकला, तो कानशीच्या मजुरीसकट पुरेसा महाग होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्फटिकलिंगाचे दर्शन घेऊन आम्ही गंगा अर्पण केली. गडू आमच्या हातून पुजाऱ्यांच्या हाती गेला आणि थोड्या वेळाने रिकामा परत आला. सतरा वर्षांचे पाणी क्षणार्धात संपले. त्यानंतर आम्ही बाहेरच्या प्रदक्षिणामार्गावर बराच वेळ चाललो. बाराशेहून अधिक खांब एका रांगेत मागे मागे सरकत जातात, टोक दिसते आणि येत नाही. आई खांबांना टेकत, बसत चालत होती. तिथेच अण्णांनी तिला लिंगाची कथा सांगितली: कैलासाहून लिंग आणायला गेलेल्या मारुतीला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून सीतेने वाळूचे लिंग केले, आणि मागाहून आलेल्या मारुतीचा मान राहावा म्हणून आजही त्याच्या लिंगाची पूजा आधी होते. “उशीर झालेल्यांची सोय आहे म्हणजे इथं,” आई म्हणाली.

दुपारी, देऊळ बंद असताना, आम्ही धनुष्कोडीला गेलो. डिसेंबर १९६४ च्या वादळात हे गाव आणि त्याकडे येणारी प्रवासी गाडी समुद्राने नेली; आज चर्चच्या भिंती आणि स्थानकाचे अवशेष वाळूत उभे आहेत आणि त्यांच्या सावलीत शिंपल्यांच्या माळा विकायला बायका बसतात. आम्ही तिथे फार बोललो नाही.

परतीच्या आदल्या संध्याकाळी आई अग्नितीर्थाच्या काठावर बसली आणि रिकाम्या गडूत मुठीने वाळू भरू लागली. वहिनीने विचारले तेव्हा ती म्हणाली, “सेतूची वाळू प्रयागला त्रिवेणीत सोडायची असती. तुमच्या सासऱ्यांनी उलटं केलं, आधी काशी केली.” गडू आता पुन्हा देवघरात आहे, झाकणावर दोरा गुंडाळलेला. हलवला तर डुचमळत नाही, सरसरतो. दिवाळीला अजून चार महिने आहेत, आणि अण्णांनी प्रयागच्या गाड्यांची चौकशी सुरू केली आहे.