जुना साचा आणि न भरणारी कड: माझा अनुभव

‘साचा थंड आहे, अजून तापव.’ जुन्या साच्यातून बंदुकीची शिशाची गोळी नीट उतरत नाही म्हटलं की जो तो एवढंच सांगतो. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून हे लिहायला बसलो. माझा साचा थंड नव्हता. असता तर हा लेख चार ओळींत संपला असता.

साचा लोखंडी, एका गोळीचा, आयडियल कंपनीचा. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये ही कंपनी काढली, १९१० मध्ये ती मार्लिन या बंदूक कंपनीकडे गेली आणि १९२५ मध्ये लायमन कंपनीनं घेतली. त्यामुळे अंगावरच्या छापावरून वयाचा अंदाज बांधता येतो. क्रमांकही वाचायला शिका. ४५७१२४ असेल, तर पहिले तीन आकडे व्यासाचे, म्हणजे ०.४५७ इंच, आणि उरलेले तीन नमुन्याचे. विकणारा ‘फार दुर्मिळ आहे’ म्हणत असतो तेव्हा आपण साचा मिटून उजेडासमोर धरायचा. दोन अर्धांच्या मधून उजेडाची रेघ दिसली तर साचा कोणीतरी पेचकसानं उचकटलेला असतो. तो घेऊ नका, कितीही दुर्मिळ असो.

गंज फारसा नव्हता, तो निघाला. शिसं वितळवणं तर सोपंच: ३२७ अंश सेल्सिअसला ते वितळतं, ओतायला मी ३८० ते ४०० ठेवतो.

आणि मग अडलं. गोळीचं अंग आरशासारखं लख्ख, टोक सुरेख, पण बुडाची कड गोलसर. गोळीच्या अंगाभोवती उठावदार पट्टे असतात, त्यांतल्या मधल्या एकाचीही कड बोथट, एका बाजूला थोड्या सुरकुत्या. बुडाची कड म्हणजे किरकोळ बाब नव्हे. नळीतून बाहेर पडताना गोळीला शेवटचा धक्का तिथेच बसतो. कड एका बाजूनं बोथट असली की गोळी वाकडी जाते, मग बाकीचं अंग कितीही देखणं असो.

तापव म्हणाले, तापवला. गोळ्यांवर पांढुरकी झाक आली, म्हणजे साचा गरजेपेक्षा जास्त तापला. कड तशीच. कथील घाल म्हणाले, घातलं. शिसं छान पातळ वाहायला लागलं. कड तशीच. ‘मग अजून थोडा तापव.’ इथे माझं डोकं फिरलं.

शेवटी फसलेल्या गोळ्या ओळीनं मांडून भिंगाखाली पाहिल्या, तेव्हा उलगडा व्हायला लागला. थंड साच्याच्या सुरकुत्या अंगभर असतात आणि ओतत गेलं की विरत जातात. माझ्या सुरकुत्या प्रत्येक गोळीवर त्याच जागी होत्या. हे तेलाचं काम. जुन्या मालकानं गंजू नये म्हणून साचा तेलात मुरवला होता. वरून पुसलं तरी तापला की लोखंडाच्या बारीक छिद्रांतून पुन्हा पाझरायचं. अ‍ॅसिटोन आणि जुना टूथब्रश, मग साबणाच्या पाण्यात उकळणं, कोरडा करून तापवणं, की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा येतो, पण सुरकुत्या गेल्या.

पट्ट्याची कड मात्र हवेमुळे अडली होती. साच्याच्या दोन्ही अर्धांच्या आतल्या तोंडावर केसाएवढ्या रेघा कोरलेल्या असतात. शिसं आत येताना हवा त्यांतून निसटते. माझ्या साच्यात त्या काजळी आणि जळक्या तेलानं बुजल्या होत्या. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेल्या बांबूच्या टोकदार काडीनं एकेक रेघ मोकळी केली. सुई, ब्लेड, तारेचा ब्रश अजिबात नको. जुन्या साच्यावर पडलेला ओरखडा त्यानंतरच्या प्रत्येक गोळीवर उमटतो.

पट्टा धारदार झाला. बुडाची कड तरीही गोल!

दोष वरच्या स्प्रू प्लेटमध्ये, म्हणजे साच्याच्या माथ्यावरच्या शिसं ओतायच्या भोकाच्या फिरत्या पट्टीत निघाला. गोळीचं बूड साच्यात वर, या पट्टीखालीच असतं. जुन्या मालकानं तिचा स्क्रू इतका आवळला होता की प्लेट बोटानं हलत नव्हती. बुडाजवळची हवा प्लेट आणि साच्याच्या माथ्यामधल्या फटीतूनच बाहेर पडते आणि ती वाटच बंद होती. स्क्रू इतपत सैल केला की साचा आडवा धरल्यावर प्लेट आपल्या वजनानं फिरावी. पुढची गोळी निघाली ती बुडाला नखानं चाचपावी अशी धारदार. फार सैलही करू नका, नाहीतर बुडाला पातळ पापुद्रा येतो. स्क्रूचा पाव फेरा, बस्स. हे आधी एकानंही सांगितलं नव्हतं.

हो, पाण्याचं राहिलंच. वितळलेल्या शिशात ओलं काहीही जाऊ देऊ नका. थेंबाची क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. तुकडे आधी सुकवून तापवायचे, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि जागा उघड्यावरची. वरची मळी झाडून उडवू नका, तिची धूळच जास्त वाईट. झाकणाच्या डब्यात ठेवा, हात साबणानं धुवा, मुलांना लांब ठेवा. आणि हे सगळं कायद्यात बसतं का, तेही साचा घेण्याआधी पाहा.

भंगारातलं शिसं असेल तर भट्टी ४०० च्या वर नेऊ नका. जस्त ४१९ ला वितळतं, त्याच्या आत राहिलात तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात आणि काढून टाकता येतात. एकदा मिसळलं की कडा भरणं विसरा.

गोळी अडकली तर लाकडी दांड्यानं हँडलच्या बिजागरीवर हलकेच ठोका, साच्यावर नको. आणि काम संपल्यावर शेवटची गोळी साच्यातच राहू द्या. आतला भाग गंजत नाही, तेल लावावं लागत नाही आणि पुढच्या मालकाचे अ‍ॅसिटोनचे पैसे वाचतात.