टाकी धुवायची नोटीस आणि एक खून

विनोदी रहस्यकादंबरी लिहायला घेतली की बरेच जण आधी गुप्तहेरालाच सजवत बसतात. त्याचा विसरभोळेपणा, त्याचं चहाचं वेड वगैरे. ते मागाहून आलं तरी बिघडत नाही. आधी गुन्हा पक्का करा, आणि तोही शेवटाकडून: कोणी केला, कशासाठी, आणि कुठल्या थापेमुळे सापडला. विनोद त्यानंतर, कारण या प्रकारात पुरावा दडवायची सगळ्यात सोयीची जागा म्हणजे विनोदच.

पुनर्विकासाला निघालेली 24 फ्लॅटची सोसायटी घ्या. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती लागते, म्हणजे इथे 13 जणांची. 12 राजी आणि 12 नाराज ठेवले की एका मतावर सगळं अडतं आणि सेक्रेटरीपासून सगळेच संशयित होतात. पण प्रत्यक्ष संशयित पाचच ठेवा. तीन असले तर वाचक अंदाजाने ओळखतो, आठ असले तर नावं आठवायला मागची पानं चाळत बसतो. 50 हजार शब्दांच्या कादंबरीत पहिल्या 6-7 हजारांत प्रेत सापडलेलं बरं. रक्तबिक्त पानाबाहेर.

आता गुप्तहेर. खाजगी गुप्तहेरांसाठी 2007 साली राज्यसभेत विधेयक आलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. त्यामुळे आपल्या नायकाकडे ना बिल्ला, ना अटकेचा अधिकार. टेलिकॉम कंपनीतला मित्र त्याला कॉल रेकॉर्ड काढून देतो, हा प्रसंग तर लिहूच नका. अशाच प्रकरणात 2018 साली ठाणे पोलिसांनी खाजगी गुप्तहेरांना अटक केली होती. त्याचा रोजचा धंदा लग्नाआधीच्या चौकशीचा असतो, तोच कामाला लावा. ‘एका स्थळाची चौकशी करतोय’ म्हटलं की शेजारीपाजारी न विचारलेलंही सांगतात, आणि अर्धा विनोद तिथेच फुकट मिळतो. पोलिसांनाही उगाच मूर्ख ठरवू नका. म्हातारा जिन्यावरून पडलेला दिसतोय, म्हणून त्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि पंचनामा उरकला, एवढं पुरे.

मुख्य धागा असा पेरायचा. चौथ्या प्रकरणात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं, खुनाच्या आदल्या दिवशीचं भांडण:

‘जिन्यातली कुत्र्याची घाण कोण काढणार?’
‘ज्याचा कुत्रा त्याने.’
‘उद्या दोन्ही टाक्या धुणार. सकाळी 8 ते 1 पाणी बंद.’
‘कुत्रा कोणाचा नाही, सोसायटीचा आहे.’
‘मग मेंटेनन्समध्ये लावा!’

अकराव्या प्रकरणात एक सज्जन सांगतात, ‘दहा वाजता? मी मशीनला कपडे लावले होते. त्या घरघरीत काय ऐकू येणार?’

संपला खेळ. दहाला नळाला पाणीच नव्हतं. पण डोंबिवलीचा वाचक लगेच विचारणार, माळ्यावर टाकी नव्हती का? म्हणून दुसऱ्याच प्रकरणात त्या गृहस्थांना नव्या किचनची बढाई मारू द्या: माळ्यावरची टाकी काढली, फॉल्स सीलिंग केलं, शिवाय फ्रंट लोड मशीन ओट्याखाली बसवलं. मशीनचा प्रकार सांगायलाच हवा. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बादलीने पाणी ओतता येतं. फ्रंट लोडला नळाचं पाणी मिळालं नाही तर ते एरर दाखवून थांबतं. एवढी भोकं बुजवल्याशिवाय थाप थाप ठरत नाही.

हे फसतं ते बहुधा जागेमुळे. नोटीस परिच्छेदाच्या किंवा प्रकरणाच्या शेवटी गेली की डोळ्यात भरते. तिच्या आधी आणि नंतर तिच्याहून मजेदार काहीतरी हवं. ‘त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं’ हे वाक्य तर बंदच. आणि तो मेसेज फक्त गुप्तहेराने वाचला, वाचकाला दाखवलाच नाही, ही सरळ लबाडी. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेच्या 1929 च्या नियमांत ती बाद केली होती. मेलेल्या माणसावर विनोद नको. त्याच्या रिकाम्या पार्किंगवरून सांत्वनाला आलेले लोक भांडले तर मात्र खुशाल हसवा.

एक्सेलमध्ये पाचही संशयितांचा सकाळी 7 ते 1 असा तक्ता करा, अर्ध्या-अर्ध्या तासाचा. प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी: खरं काय घडलं, तो काय सांगतो, खोटं कोण पाडू शकतं. शेजारी प्रकरणाचा क्रमांक. कंटाळवाणं काम आहे, पण दुपारी बाराला दूधवाला येण्यासारखे घोटाळे इथेच सापडतात.

उलगड्याच्या आधीपर्यंतचा मजकूर तिघांना वाचायला द्या आणि नुसतं नाव विचारू नका, कारणही विचारा. तिघांनीही मशीन पकडलं तर नोटीस आणखी एक-दोन प्रकरणं वर न्या. उलगडा वाचूनही कोणाला नोटीस आठवली नाही, तर ती फारच खोल गाडली गेली आहे. मग सातव्या प्रकरणात वॉचमनच्या तोंडी ब्लीचिंग पावडरच्या वासाची एक तक्रार घाला.