वहीच्या मागच्या पानावरचा हिशोब

महापेच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती; तिला उत्तर द्यायची मुदत त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत होती. पंधरा दिवस त्यांचा मेल उघडायचा आणि मिटायचा, एवढंच करत होते. सकाळी मात्र मी ऐरोलीच्या खाडीकाठी घोटाभर चिखलात उभी होते. त्या महिन्याचे नमुने राहिले होते आणि ओहोटी पहाटेची होती.

ही गोष्ट फेब्रुवारीतली. समोर रोहित पक्ष्यांचा थवा चोची चिखलात खुपसून चालला होता. ठाणे खाडीचा हा भाग 2015 मध्ये अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. पक्ष्यांचे फोटो सगळेच काढतात. माझं काम त्यांच्या पायाखालचं होतं. चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, वर उरेल ते फॉर्मलिनमध्ये ठेवायचं, मग रोझ बेंगालचा रंग टाकून किडे मोजायचे. 2018 पासून दर महिन्याला त्याच तीन जागा. पीएचडी 2024 ला मिळाली, तरी मी जायची थांबले नव्हते.

नोकरी म्हणाल तर ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, तासिका तत्त्वावर. आम्ही सगळे सीएचबीच म्हणतो. दरवर्षी जाहिरात, दरवर्षी मुलाखत, दरवर्षी नवा आदेश, आणि सत्र संपलं की आदेशही संपला. मानधन चार-पाच महिन्यांचं एकदम यायचं, मे महिन्यात काहीच नाही. अशी आठ वर्षं झाली. वर्गात शिरले की हे सगळं विसरायला व्हायचं, हेही तितकंच खरं. माझी तक्रार शिकवण्याबद्दल कधीच नव्हती.

दुपारी प्रॅक्टिकल संपलं, मुलं गेली. टीवायची एक मुलगी मागे राहिली. विटाव्याला राहते, वडील रिक्षा चालवतात. तिची नजर विलक्षण आहे. आदल्या आठवड्यात माझ्या डिशमधल्या गाळात तिने तांदळाच्या कणीएवढी शिंपली शोधून काढली होती. मी त्याच डिशवरून दोनदा नजर फिरवून पुढे गेले होते.

"मॅडम, मला एमएस्सी करायचंय. मग पीएचडी. तुमच्यासारखं शिकवायचंय. पप्पा म्हणतात डीएमएलटी कर, लॅब टेक्निशियन म्हणून लगेच लागशील कामाला. तुम्ही त्यांच्याशी बोलाल का?"

मी तिची जर्नल ओढून घेतली आणि मागच्या पानावर पेन्सिलने मांडायला लागले. बीएस्सीला एकवीस, एमएस्सीला तेवीस. मग प्राध्यापकीच्या पात्रतेची नेट किंवा सेट परीक्षा, एक-दोन वर्षं धर. पीएचडीला पाच-सहा. म्हणजे तिशी आली. कायम जागा मिळाली तर मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. ती मिळेपर्यंत सीएचबी. यूजीसीने 2019 मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असं कळवलं होतं. आमच्या हातात तेवढे कधी पडले नाहीत. त्या आकड्याखाली मी माझे गेल्या वर्षीचे आकडे लिहिले. मिळालेले महिने मोजले, बाराने भागलं. जे आलं ते तिने वाचलं आणि मान वर केली नाही.

तिला नियमांचंही सांगितलं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत असं होतं की जुलै 2021 पासून विद्यापीठाच्या विभागात सहायक प्राध्यापक व्हायचं तर पीएचडी लागणारच. त्या धास्तीने मी घाईने नोंदणी केली. तारीख पुढे गेली, आणि 2023 मध्ये ती अट काढलीच; नेट-सेट पुरे झालं. पीएचडीचा मला पश्चात्ताप नाही. पण माणूस पाच-सहा वर्षांची आखणी ज्या नियमावर करतो, तो मध्येच बदलतो, हे तिला आधी कळायला हवं असं मला वाटलं.

"मग मॅडम, तुम्ही सांगा. करू का?"

हो म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. शेवटी म्हणाले, "एमएस्सी नक्की कर. पीएचडीला मात्र जेआरएफची शिष्यवृत्ती मिळाली तरच बस. महिन्याला 37,000 असतात, घरी हात पसरावा लागत नाही. पप्पांशी मी बोलते, पण हे पान त्यांना आधी दाखव."

ती पान जपून घडी घालून गेली. मी मात्र तिथेच बसून राहिले. जे या पोरीला कर म्हणून सांगवत नव्हतं, ते मी स्वतः आठ वर्षं करत होते, आणि नवव्या वर्षीच्या मुलाखतीची फाइल लावून ठेवली होती.

महापेचं काम पर्यावरण आघात अहवालांचं, 2006 च्या अधिसूचनेखाली जे लागतात ते. तेच किडे, तीच चाळण. फक्त अहवालाचे पैसे प्रकल्पवाला देणार. ही बोच मनात होतीच. मुलाखतीत मी सरळ विचारलं होतं, मोजलेला आकडा त्यांना अडचणीचा निघाला तर? "सही तुमची असेल, आकडाही तुमचाच राहील," असं उत्तर मिळालं. त्यांचा शब्द आहे. तो मोडला तर तिथूनही बाहेर पडायचं, हे मी मनाशी पक्कं केलं.

पावणेसहाला होकार पाठवला. हात थरथरत होता.

लॅबमधले मामा कुलूप घेऊन आले. त्यांना मी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग कपाटाकडे बघत म्हणाले, "आणि या बरण्यांचं काय करायचं, मॅडम?"

चौदा बरण्या मोजायच्या शिल्लक होत्या. मामांनी कुलूप बाजूला ठेवलं, दिवा पुन्हा लावला आणि बरण्या एकेक करून ओट्यावर मांडल्या. मी ट्रेसिंग पेपरच्या पट्ट्या कापल्या. चिठ्ठी बरणीच्या आत टाकायची असते आणि पेन्सिलनेच लिहायची असते, शाई द्रवात उतरते. नुसते एस-1, एस-2 असे माझे खुणेचे आकडे पुसून मी प्रत्येक पट्टीवर जागा पूर्ण लिहिली, तारीख, ओहोटीची वेळ, चाळणीचं माप, सगळं. मी तिथे नसताना ती बरणी कुणी उघडली तरी त्याला वाचता यावं म्हणून. नववी पट्टी लिहीत असताना मामांनी विचारलं, "त्या विटाव्याच्या पोरीला दाखवून ठेवू का हे कपाट?"

मी हो म्हटलं.