मुलांच्या विम्याचा पैसा परत येतो का?

‘सगळ्या लेकरांच्या उपचाराचा खर्च सरकारनं उचलला तर तिजोरी पुरेल का?’ ग्रामसभेत हा प्रश्न हटकून येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बराच पैसा वळून येतो, पण उशिरा, आणि ज्यानं खर्च केला त्याच्याच खिशात येईल असं नाही.

याचा नीट हिशेब अमेरिकेत झालाय. तिथं १९८० आणि १९९० च्या दशकांत मेडिकेड ही सरकारी योजना गरीब घरच्या आणखी मुलांना लागू झाली. ती मुलं मोठी झाल्यावर संशोधकांनी कराच्या नोंदी तपासल्या. ज्यांना ही योजना कमी काळ मिळाली त्यांच्यापेक्षा या मुलांनी वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत जास्त कर भरला होता. मुलींची कमाईही वाढली होती. मात्र मेडिकेडचा खर्च राज्य आणि केंद्र मिळून करतात, आयकराचा मोठा हिस्सा जातो केंद्राकडे.

शिवाय वीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत वर्षाला ६ टक्के व्याजदर धरला तर जेमतेम ३१ रुपये, ३ टक्के धरला तर ५५. कुणी नफ्यातोट्याचा आकडा सांगितला की आधी दर विचारा.

आपल्याकडे रोवणीला किंवा तेंदूपत्त्याला जाणारा मजूर आयकर भरत नाही. म्हणजे बचत व्हायची ती मुख्यतः दवाखान्यातली भरती टळल्यामुळे. आणि गोम इथंच आहे. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे, पण ते मुख्यतः भरती झाल्यावरचं.

गडचिरोली-गोंदियातलं सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) लेकरू घ्या. सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्ततपासणीत एएस (वाहक) आणि एसएस (रुग्ण) वेगळे कळत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी लागते. मग रुग्ण लेकराला रोज हायड्रॉक्सीयुरिया हे दुखण्याचे झटके कमी करणारं औषध, वजनाच्या किलोमागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅम. १२ किलोच्या पोराला २०० च्या आसपास हवी, आणि हाती पडते ती बहुतेकदा ५०० ची कॅप्सूल! वर ठरावीक दिवसांनी रक्तपेशींची तपासणी. तालुक्याला जायचं तर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडते. दोन खेपा चुकल्या की औषध सुटतं, हाडं दुखायला लागतात, लेकरू भरती होतं. ते बिल विम्यातून जावो की सरकारी खाटेवर, पैसा तिजोरीचाच.

म्हणून ५ लाखांची मर्यादा वाढवण्याआधी गोळी, रक्ततपासणी आणि प्रवासभाडं योजनेत आणायला हवं. तसं केलं तर तपासणीत नवे रुग्ण सापडतील आणि पहिली काही वर्षं खर्च वाढलेलाच दिसेल. नेमकं तेव्हाच ‘योजना फसली’ म्हणून तरतूद कापली जाते.